छपराखाली माणूस शोधायचा तर

मागच्या पावसाळ्यात काकाला घेऊन नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. रिपोर्ट आणायला मी खाली उतरलो आणि परत जाताना वाट चुकलो. चुलतभावाला फोन लावला.

"कुठं आहे बे तू?"

"इथंच तर आहो, लिफ्टजवळ."

"मी पण लिफ्टजवळच आहो."

मग आम्ही दोघांनी शहाणपणा केला, एकमेकांना लोकेशन पाठवलं. दोघांचेही निळे ठिपके रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर. प्रत्यक्षात तो जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता आणि मी नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. भेट व्हायला चाळीस मिनिटं गेली.

वणीकडच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लोक हीच तक्रार घेऊन येतात. शेतात लोकेशन बरोबर दाखवतो, घरात आलं की भलतीकडे नेतो, फोन खराब झाला का भाऊ? फोन धड असतो. शेतात त्याला आकाश दिसतं, घरात दिसत नाही.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण सारखा ओरडत असतो, की मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. ती हाक आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा सापडायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. घड्याळाच्या चुकीला इतकं महत्त्व का? रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते. मायक्रोसेकंदाचा घोळ झाला की तुम्ही ३०० मीटर सरकलात, म्हणजे शेजारच्याच्या वावरात.

एवढ्या लांबून आलेली हाक फोनपर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी करा आणि त्यातल्याही एकाचे शंभर. साधारण तेवढी ताकद. उघड्या वावरात हे चालून जातं, चांगला फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. आमच्या जुन्या कवेलूच्या घरातही थोडंफार चालतं. कवेलू म्हणजे भाजलेली माती, तिच्यातून लहर कशीबशी आत येते. टिनाखाली मात्र खेळ खलास, कारण पत्रा लहरीला वरच्या वर परतवून लावतो. सिमेंटच्या स्लॅबखाली जे काही पोहोचतं ते खिडकीतून, समोरच्या भिंतीवर आपटून, वाकड्या वाटेने. लहर जितकी फिरून आली तितकं अंतर जास्त भरतं आणि ठिपका पानठेल्यावर जाऊन बसतो. आपल्या देशाची 'नाविक' नावाची स्वतःची उपग्रह यंत्रणा याला उपाय आहे का, असं एकाने विचारलं होतं. तिचे उपग्रह तर आणखी वर, ३६,००० किलोमीटरच्या आसपास. छप्पर तिलाही अडवतंच.

आकाश दिसेनासं झालं की फोन इतरांना विचारू लागतो. पहिला टॉवर. तुमचं बोलणं टॉवरपर्यंत जायला किती वेळ लागतो, हे टॉवरला ठाऊक असतं. पण त्याच्या मोजपट्टीवरच्या खुणा फार दूरदूर असतात. टूजीत एक खूण सुमारे ५५० मीटरची, फोरजीत ७८ मीटरची. शिवाय शहरात टॉवर चहूकडे असतात आणि आमच्याकडे एकच, तोही नाल्यापलीकडे. एका टॉवरवरून फार तर 'याच्या आसपास कुठंतरी' एवढंच कळतं.

दुसरे म्हणजे वाय-फायचे राउटर. रस्त्याने जाणारे हजारो फोन कुठला राउटर कुठे ऐकू आला याची नोंद कंपन्यांकडे पोहोचवत असतात. राउटरच्या इंटरनेटशी तुमचा फोन जोडलेला असायला नको, तो नुसता ऐकू आला तरी पुरे. आमच्या गल्लीत बदली होऊन आलेल्या गुरुजींनी अमरावतीहून आपला राउटर सोबत आणला. चार घरांचे फोन कित्येक दिवस घरात शिरलं की अमरावतीला! माझ्या आईच्या फोनवर तर तिकडचं हवामान दिसायचं. कारण कंपन्यांच्या वहीत तो राउटर अमरावतीचा होता आणि त्याची साक्ष खोडून काढायला आमच्या गल्लीत दुसरा राउटरच नव्हता.

जीपीएसला गावाकडून काहीच लागत नाही. उपग्रह अमेरिकेच्या सरकारचे, खर्च त्यांचा, आपण फक्त वर बघायचं. घराच्या आतलं तंत्र असं फुकट मिळत नाही. आत माणूस शोधायचा तर आधी ती इमारत तयार करावी लागते. कुणीतरी नकाशा करायचा, यंत्रं लावायची, त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, भिंत पाडली की वहीत दुरुस्ती करायची. हा विषय उपग्रहांइतका झगमगीत नाही, आणि बहुतेक घोडं इथंच अडतं.

ही तयारी कशी करतात ते सांगताना मला माझे आजोबा आठवतात. शेवटची दहा वर्षं त्यांना दिसत नव्हतं, पण घरात ते काठीशिवाय फिरायचे. पायाखाली सारवलेली जमीन आणि जनावरांचा वास म्हणजे कोठा. गार फरशी आणि डाव्या कानाला पिठाच्या गिरणीचा आवाज म्हणजे ओसरी. डोक्यावर टिनाची धग आणि तुराट्यांचा धूर म्हणजे चूल. ते अंतर मोजत नसत. प्रत्येक जागेचा ठसा त्यांच्या डोक्यात होता आणि आत्ता जे जाणवतंय ते कुठल्या ठशाशी जुळतं एवढंच ते बघायचे. वाय-फायने माणूस शोधण्याची सगळ्यात जुनी रीत हीच. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या बहल आणि पद्मनाभन या दोघांनी 'रडार' नावाची पद्धत मांडली. इमारतीत जागोजागी उभं राहून कुठला राउटर किती जोरात ऐकू येतो ते आधी टिपून ठेवायचं. मग माणूस आला की त्याच्या यंत्राला आत्ता काय ऐकू येतंय ते वहीशी ताडून पाहायचं. चूक साधारण दोन-तीन मीटरची.

मी हे घरी करून पाहिलं. सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये दाखवणारं फुकटचं अ‍ॅप मिळतं. आकडा उणेत असतो, जितका शून्याजवळ तितका जोर. राउटरपाशी उणे ३८, चुलीपाशी उणे ६१, कोठ्यात उणे ८४. वहीत लिहून ठेवलं. मग आई मधे येऊन उभी राहिली आणि चुलीपाशी आकडा उणे ६८ झाला. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी, आणि वाय-फायची लहर पाण्याला बिचकते. म्हणजे माणूस शोधायला निघालेलं तंत्र माणसांच्याच गर्दीने चुकतं. कार्तिकात पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. आता सगळे आकडे बिघडणार असं मला वाटलं, पण फारसा फरक पडला नाही, कारण कोरडा कापूस म्हणजे मुख्यतः हवाच. दिवाळीत लोखंडी कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला सरकवलं तेव्हा मात्र माझी अर्धी वही रद्दी झाली. मोठ्या दवाखान्यात रोज किती कपाटं, खाटा, ट्रॉल्या सरकतात याचा हिशेब करा.

नुसत्या जोरावरून अंतर काढणं याहून कच्चं. २०२०च्या एप्रिलमध्ये आलेलं आरोग्य सेतू आठवत असेल. त्यात जवळ कोण आलं हे ब्लूटूथने ओळखायची सोय होती. ब्लूटूथला जोर कळतो, मधली भिंत कळत नाही. भिंतीपलीकडे झोपलेला शेजारी आणि बाकावर लांब बसलेला प्रवासी त्याच्या लेखी सारखेच ठरू शकतात. दुकानांत आणि संग्रहालयांत लावतात ते छोटे ब्लूटूथ बीकन याच जातीचे. स्वस्त आणि बसवायला सोपे, पण त्यांच्याकडून 'याच दालनात आहे' यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

अंतर खरंच मोजायचं तर वेळ मोजायला हवा, आणि ही युक्ती आपल्याकडे पोराटोरांनाही येते. मृगाच्या तोंडावर वीज चमकली की आम्ही आकडे मोजायचो. तीन आकड्यांनी गडगडाट आला तर वीज एक किलोमीटरवर. उजेड लगेच येतो, आवाज मागून रमतगमत. अमेरिकेतल्या एमआयटीत २०००च्या सुमारास 'क्रिकेट' नावाची यंत्रणा बनली, तिने हेच छताखाली केलं. छतावरचा डबा एकाच क्षणी रेडिओची लहर आणि कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो. रेडिओ आला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. आवाजाला एक मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ साधं यंत्रही आरामात मोजतं. आवाज बंद भिंतीतून सहज जात नाही, हीदेखील सोयच, कारण ऐकू आलं म्हणजे त्याच खोलीत. १९९०च्या आसपास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या छातीवर जे बिल्ले लावले होते तेही टीव्हीच्या रिमोटसारख्या अदृश्य उजेडावर चालायचे. उद्देश काय, तर माणूस ज्या खोलीत असेल तिथल्या फोनवर त्याचा कॉल जोडून देता यावा. किती मीटरवर आहे हे त्यांना नकोच होतं. कुठल्या खोलीत आहे तेवढं पक्कं हवं होतं, आणि भिंत न ओलांडणाऱ्या उजेडाने ते पक्कं मिळायचं.

आजकाल गाजतं ते अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे फार रुंद पट्ट्यावर चालणारा रेडिओ. २०१९मध्ये आयफोन ११ मध्ये त्याची चिप आली आणि २०२१मध्ये चाव्या शोधायच्या एअरटॅगमध्ये. हे समजायला विहिरीवर चला. वाकून 'ओऽऽ' असा लांब सूर लावला तर सगळे पडसाद त्यात मिसळतात, मूळ आवाज कुठे संपला ते कळत नाही. तेच एक टाळी वाजवा. पहिला ठोका वेगळा ऐकू येतो, मागचे पडसाद वेगळे. वाय-फायच्या साध्या वीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली छोट्यात छोटी थापही सुमारे पंधरा मीटर लांब होते. खोलीच पाच मीटरची, म्हणजे भिंतीवरचे पडसाद सगळे तिच्या पोटातच. पट्टा जितका रुंद तितकी थाप आखूड. अल्ट्रा-वाइडबँडचा पट्टा पाचशे मेगाहर्ट्झ किंवा जास्त, त्यामुळे थाप जेमतेम साठ सेंटिमीटरची. सगळ्यात आधी आलेली थाप म्हणजे सरळ वाटेने आलेली, तिचाच वेळ धरायचा. घड्याळं जुळवायची कटकट टाळायला हाक आणि ओ असा व्यवहार चालतो. मी हाक मारली, तू ठरलेल्या वेळाने ओ दिलीस, जायचा-यायचा एकूण वेळ माझ्याच घड्याळाने मोजला. चूक दहा ते तीस सेंटिमीटर. खर्च मात्र मोठा, कारण प्रत्येक मोठ्या खोलीत तीन-चार डबे लावावे लागतात. वाय-फायनेही हाक-ओ करता येतं, अँड्रॉइडमध्ये ती सोय २०१८पासून आहे, चूक एक-दोन मीटर. पण राउटर तसा हवा, आणि माझ्या दुकानात दुरुस्तीला येणारे राउटर तसे नसतात.

पावलं मोजायची तिसरी एक रीत आहे. फोनमधले संवेदक पाऊल आणि वळण ओळखतात, दारापासून मोजत जायचं. धुऱ्यापासून पावलांनी शेत मोजणाऱ्याला यातली अडचण सांगायला नको. प्रत्येक वळणावर थोडी चूक आणि ती साचत जाते. म्हणून ही रीत एकटी वापरत नाहीत, दुसऱ्या कुठल्यातरी पद्धतीच्या जोडीला ठेवतात.

मजला ही वेगळीच डोकेदुखी. आमच्या घोळात तिचाही हात होता. चांगल्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. एक मजला चढलं की दाब साधारण ०.३५ हेक्टोपास्कलने उतरतो आणि तेवढा फरक फोनला कळतो. पण दाब दिवसभरात आपणहून दोन-तीन हेक्टोपास्कल वरखाली होतो, पावसाळी ढग आला की आणखी. म्हणजे तुम्ही खाटेवर पडून राहिलात तरी फोन म्हणणार की हा आठ मजले चढला. तळमजल्यावर दुसरा दाबमापक ठेवून दोघांतला फरक घेतला तरच खरं उत्तर. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१९मध्ये नियम केला, की आणीबाणीच्या मोबाइल कॉलमध्ये उंची वरखाली तीन मीटरच्या आत सांगता आली पाहिजे. अग्निशमनवाल्यांना जिना चढायच्या आधी मजला ठाऊक हवा, म्हणून.

हे काही हाताशी नव्हतं म्हणून आमची चाळीस मिनिटं गेली, बाकी काही बिघडलं नाही. खाणीत तसं नसतं. माझे मामा वणी भागात भूमिगत कोळसा खाणीत होते. उतरताना लॅम्परूममधून कॅप लॅम्प घ्यायचा आणि आपल्या नंबरचं पितळी टोकन खिळ्याला अडकवायचं. पाळी सुटल्यावर फळीवर टोकन उरलं म्हणजे तितकी माणसं अजून खाली. मामा म्हणतात, "टोकन सांगे का माणूस खाली हाये. कुठी हाये, ते थोडीच सांगे!"

खाली कोळशाचे चौकोनी खांब सोडून गल्ल्या काढलेल्या असतात, गावाच्या आखीव वस्तीसारख्या. रेडिओची लहर सरळ गल्लीत बरी धावते, एका वळणाने थकते, दुसऱ्या वळणाला संपते. म्हणून चौकाचौकात वाचक यंत्रं लावतात आणि टोपीला किंवा दिव्याला टॅग. अमुक टॅग तिसऱ्या चौकातून १०:४२ला गेला, अशी नोंद वर होते. चौकांच्या मधे तो कुठे आहे ते कळत नाही, पण शोधायला निघालेल्यांना एक गल्ली कळली तरी पुष्कळ. बोलायला आणि टॅग ऐकायला एक खास केबलही टाकतात. तिच्या वेष्टणाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, त्यातून सिग्नल सगळ्या लांबीभर पाझरतो. ठिबकची नळी जशी. वर आणखी अट अशी, की कोळशाच्या खाणीत मिथेन असू शकतो, तेव्हा बिघडलं तरी ठिणगी पडणार नाही असंच यंत्र खाली न्यायचं. दुकानातला ब्लूटूथ बीकन उचलून खिळ्याला टांगला, असं तिथे चालत नाही. धनबादच्या सिंफर या सरकारी खाण संशोधन संस्थेने आपल्या खाणींसाठी अशा टॅगवर काम केलेलं आहे.

याचं मोल अमेरिकेला २ जानेवारी २००६ला कळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या सॅगो खाणीत स्फोट झाला आणि तेरा जण आत अडकले. विषारी वायू टाळायला त्यातले बारा जण आतल्या टोकाशी जाऊन पडदा लावून बसले. वरच्यांना ते नेमके कुठे आहेत हे सांगणारं काहीच नव्हतं. बचाव पथक चाळीस तासांनंतर पोहोचलं तेव्हा एकच जिवंत होता. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे कायदा झाला आणि भूमिगत कोळसा खाणींना तीन वर्षांत बिनतारी संपर्क आणि माणसांचा इलेक्ट्रॉनिक माग बंधनकारक झाला. यातली खोच अशी, की स्फोट झाला की तीच केबल आणि तीच यंत्रं आधी जातात. म्हणून शेवटची नोंद वर, जमिनीवरच्या खोलीत जपायची असते.

आणि ज्याच्याकडे टॅग नाही, फोन नाही? २०१५च्या नेपाळ भूकंपात नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत घडलेलं 'फाइंडर' नावाचं सूटकेसएवढं यंत्र नेलं होतं. ते ढिगाऱ्यात मायक्रोवेव्ह सोडतं. दगड-माती हलत नाही, पण श्वासाने छाती हलते आणि हृदयाच्या ठोक्याने जेमतेम मिलिमीटरभर थरथरते. परत आलेल्या लहरीतली ती थरथर ते वेगळी काढतं. तिथल्या चौतारा गावात दहा फुटांपर्यंतच्या विटामातीखालून चार माणसं त्यामुळे सापडली. मातीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात यातलं काय बसवावं, असं कुणी विचारलं तर मी सेंटिमीटरच्या मागे लागणार नाही. कुठली खोली आणि कुठला मजला, इतकं पक्कं कळलं की झालं. त्यातही माणसांआधी ऑक्सिजनच्या सिलिंडरला आणि चाकाच्या खुर्च्यांना टॅग लावावेत, कारण शोधाशोध रोज त्यांचीच चालते. नर्सताईंच्या गळ्यात टॅग घालायचा तर आधी त्यांना विचारावं आणि लिहून द्यावं की हा हजेरीला आणि चहाच्या वेळा मोजायला वापरणार नाही. खाणीत मामांनी टॅग आनंदाने घातला असता. संडासात किती मिनिटं गेली हे साहेबाला कळावं म्हणून घातला नसता, आणि मीही घालणार नाही.

तोवर ११२ किंवा १०८ला फोन केलात तर फोन आपोआप सगळं सांगेल या भरवशावर राहू नका. गाव, मोहल्ला, कुठल्या दारातून आत यायचं, कितवा मजला, समोर काय दिसतं, हे तोंडाने सांगा.

या दिवाळीनंतर काकाला पुन्हा नेलं. चुलतभाऊ आधी वर गेला आणि त्याचा फोन आला. "जुनी बिल्डिंग, तिसरा माळा. जिना चढला का फिनाइलचा वास येते पाह्य, तिथून उजवीकडे. पाण्याची बंद मशीन आहे, तिच्यावर कोणीतरी डबा ठेवला आहे हिरवा." मी चढलो. फिनाइल होतं, मशीन होती. डबा मात्र कुणीतरी उचलून नेला होता.